अर्धा गुण

रोज सकाळी सव्वासहाला आमच्या कोथरूडच्या सोसायटीमागच्या मैदानावर एक 62 वर्षांचे गृहस्थ दोन्ही हात पसरून, आवाज थेट काळी चारात नेऊन ओरडत असतात, "शाब्बास! कित्ती शहाणा तो! व्वा रे माझा राजा!" फेऱ्या मारणारी मंडळी आता वळूनही पाहत नाहीत. सुरुवातीला पाहायची. एका आजोबांनी तर आमच्या सौभाग्यवतींना भाजीच्या गाडीपाशी गाठून हळूच विचारलं होतं, "सरांचं सगळं ठीक आहे ना?"

ते गृहस्थ म्हणजे मी. आणि 'राजा' म्हणजे टायगर, 36 किलो वजनाचा जर्मन शेफर्ड. तो त्या वेळी माझ्या पायांच्या मागे मावण्याचा प्रयत्न करत असतो.

मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. एवढ्या काळात 'शाब्बास' हा शब्द मी तीनदा वापरला. एकदा उपरोधाने, एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात बसले होते म्हणून, आणि तिसरा प्रसंग मला आठवत नाही, पण हिशेब तीनचाच लागतो. आमच्या घराण्यात कौतुकाची कमाल मर्यादा 'बरं आहे' ही आहे आणि त्यानंतर 'पण' येतोच. मला दहावीला गणितात 150 पैकी 148 मिळाले, तेव्हा वडील म्हणाले, "बरं आहे. पण दोन गेले कुठे?" आम्ही लग्नाच्या पंगतीतून उठतानाही 'जेवण छान होतं, पण मठ्ठा अंमळ पातळ' असं म्हणून उठतो. कौतुकाने मुलं बिघडतात आणि पाहुणे पुन्हा येतात, यावर आमच्या चार पिढ्यांचं एकमत आहे.

अशा घरात टायगर आला. आला म्हणजे चिरंजीवांनी बेंगळुरूला नोकरीवर जाताना 'सहा महिन्यांसाठी' ठेवला. त्याला आता तीन वर्षं झाली.

1899 साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्स नावाच्या घोडदळातल्या एका अधिकाऱ्याने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून धीट, कामसू, हुशार असा कुत्रा निवडून ही जात घडवायला घेतली. टायगरच्या बाबतीत काहीतरी गफलत झाली असावी. त्याच्यात राखणाऱ्यांपेक्षा मेंढ्यांचे गुण जास्त उतरलेत. तो छत्रीला भितो, फुग्याला भितो, घंटागाडीच्या गाण्याला भितो. कुकरच्या पहिल्या दोन शिट्ट्या तो सहन करतो, तिसरीला दिवाणाखाली जातो. आमच्याकडे वरण किती शिजलं हे त्याच्यावरून कळतं. मी वर्तमानपत्र वाचताना महागाईवर नुसतं 'श्शी' म्हटलं, तरी ते आपल्यालाच म्हटलं असं समजून तो दुपारचं जेवत नाही.

एकदा जिन्यात मांजरीचं पिल्लू आडवं आलं, तर टायगर माझ्या मागे. तळमजल्यावरचे वकील दारातच उभे होते. म्हणाले, "सर, तुम्ही अल्सेशियन मागितलात आणि दुकानदाराने ससा बांधून दिला वाटतं!"

टोमणा जिव्हारी लागला. मी वाचनालयाची वाट धरली, पुस्तकं आणली आणि कळलं, की कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा असतात आणि त्यांचा जन्मही टोमण्यातूनच झालेला आहे. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाईंकडे पूडल जातीचे कुत्रे होते. लोक त्या कुत्र्यांना शोभेच्या बाहुल्या म्हणून हसायचे. बाईंनी मनावर घेतलं. 1933 साली न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे त्यांनी आठ कुत्र्यांची पहिली चाचणी भरवली आणि 1936 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने रीतसर नियम केले. त्यावरही समाधान झालं नाही, म्हणून पुढच्या वर्षी बाई आणि ब्लांश सॉन्डर्स ही प्रशिक्षिका गाडीला ट्रेलर जोडून, तीन पूडल घेऊन सुमारे दहा हजार मैल देशभर हिंडल्या. एका टोमण्याला उत्तर द्यायला दहा हजार मैल! बाई पुण्यात जन्मायच्या राहून गेल्या.

गुणदानाची पद्धत वाचून तर मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्याकडे एकूण गुण 200, उत्तीर्ण व्हायला 170, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक हवेत. आणि गुण कापायचे ते अर्ध्या-अर्ध्याने. कुत्रा बसला, पण तिरका बसला, अर्धा कापा. चालताना पाऊलभर मागे पडला, अर्धा कापा. 'पायऱ्या दाखवल्या नाहीत' म्हणून अर्धा गुण कापण्यात माझी हयात गेली. हा खेळ माझ्यासाठीच निघाला होता.

सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आधी त्याला फुग्याजवळून जाता येऊ दे."

प्रशिक्षक शोधला. मैदानावर तिशीतला एक उंच तरुण जीपमधून उतरला आणि वाकून नमस्कार करत म्हणाला, "सर, ओळखलंत? दहावी ब. सहामाहीला तुम्ही मला गणितात साडेचौतीस दिले होते."

पास व्हायला 35 लागतात. मी घसा खाकरला.

"मी पेपर पुन्हा बघायला घेऊन आलो होतो," तो हसत म्हणाला. "तुम्ही बेरीज तपासलीत आणि चौतीस केलेत."

मला प्रसंग आठवला नाही, पण बेरीज बरोबर असणार याची खात्री होती. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला 'चौतीस' म्हणतो.

चौतीसने टायगरकडे पाच मिनिटं नुसतं तिरक्या नजरेने पाहिलं. मग म्हणाला, "सर, कुत्रा हुशार आहे, पण हळवा आहे. आमच्यात याला सॉफ्ट म्हणतात. याच्यावर आवाज चढवायचा नाही, पट्ट्याला हिसका द्यायचा नाही, एक आज्ञा दहादा द्यायची नाही."

"मग शिस्त कशी लागणार?"

"कौतुकाने."

"आणि चुकला तर?"

"काही नाही. पुन्हा सोपं करून करायचं. जमलं की कौतुक."

"म्हणजे सगळ्यालाच कौतुक?"

"हो सर. आणि लगेच. एका सेकंदात. उशीर झाला, की कशाबद्दल ते त्याला कळत नाही."

मी सहामाहीचे पेपर वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परत देणारा माणूस. एका सेकंदात? माझा 'ब'सुद्धा बाहेर पडत नसे, तेवढ्यात टायगर बसून, कंटाळून, उठून गेलेला असे. मग वही काढून मी बसल्याची वेळ टिपायचो. चौतीस म्हणाला, "सर, नोंद नको. आनंद दाखवा."

"दाखवतोय की."

"नाही सर. तुम्ही पर्यवेक्षण करताय."

पहिला वाद झाला तो माध्यमावरून. मातृभाषेतून शिक्षण यावर मी शाळेत असताना सात भाषणं दिलेली आहेत, तेव्हा कुत्रा मराठीतूनच शिकणार, असं मी ठणकावलं. 'ये', 'थांब', 'बस'. टायगर आठवडाभरात 'बस' शिकला आणि आमचं जगणं अवघड झालं. पाहुणे आले, मी म्हटलं, "बसा, बसा," की पाहुण्यांच्या आधी टायगर. सौ. वाढत असताना मी म्हणालो, "बस्स झालं," की टायगर खाली. कळस झाला तो कर्वे रस्त्यावर. आम्ही अर्धा रस्ता ओलांडला होता, तेवढ्यात थांब्यावरचं कोणीतरी ओरडलं, "बस आली!" टायगर रस्त्याच्या मधोमध पाय जुळवून, पाठ ताठ करून, अगदी परीक्षक खूश होतील असा सरळ बसला. समोर खरोखरच बस आली होती. ड्रायव्हरने मला उद्देशून जे उद्गार काढले, तेही मातृभाषेतच होते.

शेवटी चार मराठी घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. कुत्र्याला इंग्रजी माध्यमात घातलं. सिट, डाऊन, स्टे, हील. 'हील' म्हणजे डाव्या पायाला खेटून, पुढे नाही नि मागे नाही, असं चालायचं. सौ. म्हणाल्या, "मी सप्तपदीपासून तेच करतेय, मला कोणी गुण दिले नाहीत."

दुसरी अडचण खाऊची. आमचं घर शाकाहारी. टायगरला आधी पनीर दिलं, मग चीज दिलं, त्याने ते सौजन्य म्हणून खाल्लं. चौतीस म्हणाला, "सर, पगार चांगला असेल तर माणूस मन लावून काम करतो." मग तोच घरून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे डब्यातून आणू लागला आणि ते माझ्या झब्ब्याच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. एका गुरुवारी सराव आटोपून मी तसाच, टायगरसकट, दत्ताच्या देवळाकडे निघालो. निम्म्या वाटेत मागे वळून पाहिलं, तर गल्लीतली पाच कुत्री शिस्तीत रांगेने येत होती. देवळाच्या पायऱ्यांपाशी पुजारीकाका हात जोडून म्हणाले, "सर, महाराजांकडेसुद्धा चारच आहेत हो!"

मी बाहेरूनच दर्शन घेतलं आणि पहिल्यांदाच तसबिरीतल्या त्या चार कुत्र्यांकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिलं. किती वर्षं झाली, एकही जागचा हललेला नाही. याला म्हणतात 'स्टे'!

आमचा 'स्टे' तीस सेकंदांपुढे जाईना. मी दहा पावलं लांब जाऊन वळलो, की टायगर उठून, कान पाडून, माफी मागत यायचा. खिडकीतून वकील ओरडले, "सर, स्टे मिळवणं सोपं असतं, टिकवणं अवघड! आमच्याकडेही तेच आहे!"

मी मुद्दाम टायगरसमोर ताठ उभा राहिलो, भुवया आवळल्या, बोट रोखलं. टायगरने मोठी जांभई दिली.

"बघ!" मी चौतीसला म्हणालो. "कंटाळलाय. लक्षच नाही."

"सर, तो घाबरलाय," चौतीस म्हणाला. "कुत्रा झोप आलेली नसताना जांभई देतो, नाक चाटतो, मान वळवतो, उगाच जमीन हुंगतो, तेव्हा तो म्हणत असतो, की जरा शांत व्हा. टूरिड रूगोस नावाच्या नॉर्वेच्या बाईंनी यावर पुस्तक लिहिलंय."

मी गप्प झालो. 31 वर्षं. रोज सहा तास. प्रत्येक तासाला किमान दहा जांभया. मी त्या सगळ्यांना उभं केलं होतं.

"तुम्हीही वर्गात...?" मी विचारलं.

"मी तर जमीनसुद्धा हुंगली असती, सर."

त्या रात्री मला पुस्तकात हान्स सापडला. बर्लिनमधला हा घोडा. बेरीज, वजाबाकी, अगदी अपूर्णांकसुद्धा विचारले, तर टाप आपटून बरोबर उत्तर द्यायचा. मोठमोठे विद्वान थक्क झाले. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने छडा लावला, की घोड्याला गणित येत नव्हतंच. बरोबर आकड्यापाशी आल्यावर विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, अंग सैल पडायचं आणि ते पाहून घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सही नापास. त्याचे मालक कोण, तर फॉन ऑस्टेन नावाचे निवृत्त गणिताचे शिक्षक.

मी पुस्तक मिटलं. पायाशी टायगर माझ्या भुवयांकडे बघत होता. म्हणजे हा इतके महिने माझे शब्द ऐकतच नव्हता. तो माझ्या कपाळावर लिहिलेलं 'पण' वाचत होता.

दुसऱ्या दिवसापासून आरशासमोर माझा सराव सुरू झाला. चेहऱ्याचे कुठले स्नायू वर न्यायचे ते चौतीसने दाखवलं होतं. त्यातले काही बहुधा मुंजीनंतर वापरलेच नव्हते, दुखायला लागले. आवाज चढवायचा तर घसा बसला. हात वर झाला, की मनात 'ठीक' यायचा, तो गिळून 'शाब्बास' काढायचा. एकदा सवयीने तोंडातून गेलं, "शाब्बास, पण..." आणि टायगर अर्ध्यातून परत फिरला. त्याला मराठी कळत नाही, पण 'पण' कळतो.

सवय अंगात भिनावी म्हणून चहा घेताना सौ.ना म्हणालो, "व्वा! काय चहा झालाय!"

सौ.नी कप खाली ठेवला. "काय मोडलंत?"

"काही नाही. खरंच छान झालाय."

"किती पैसे गेले ते सांगा, म्हणजे झालं."

संध्याकाळी त्यांनी चिरंजीवांना फोन करून बाबांची रक्तातली साखर तपासून घेऊ या का, असं विचारलं.

सरावासाठी माणसंही लागत. दोन माणसांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चालायचं असतं. ज्येष्ठ नागरिक संघातले दोन सदस्य मी खांब म्हणून उभे केले. खांबांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच काम. तिसऱ्या फेरीला एका खांबाने दुसऱ्याला मेट्रोबद्दल काहीतरी विचारलं आणि पाचव्या फेरीपर्यंत दोन्ही खांब एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. टायगर मैदानाच्या टोकाला जाऊन बसला. एका अनोळखी माणसाने अंगावरून हात फिरवला, तरी कुत्र्याने उभं राहायचं असतं. त्यासाठी दूधवाला, विमा एजंट, गॅस सिलिंडरवाला, जो दारात येईल त्याला मी आधी टायगरला हात लावायला लावत असे. विमा एजंटाने तेवढ्यात टायगरचं वय विचारलं.

पण टायगर बदलत होता. सराव दोन-दोन मिनिटांचाच, आणि जमलेल्या गोष्टीवरच थांबायचं, असा चौतीसचा नियम. पस्तीस मिनिटांचा तास आणि वर जादा तास घेणाऱ्या मला तो कामचुकारपणा वाटला होता. आता टायगरच मैदानाच्या फाटकाकडे मला ओढू लागला. बोलावल्यावर पळत येऊन तो दोन हात लांबच थांबायचा, मी पुढे न झुकता एक पाऊल मागे गेलो, तर जवळ येऊन माझ्या गुडघ्यांसमोर बसू लागला. मी 'शाब्बास' म्हटलं, की शेपटी हलायची. आधी टोकच, मग सगळी.

मग एका श्वानप्रेमी मंडळाची स्पर्धा जाहीर झाली. नवशिक्यांचा गट, पाच प्रकार, एकूण गुण 100, उत्तीर्ण 70. रिंगणात खाऊ न्यायचा नाही, आज्ञा एकदाच, आणि एक प्रकार सुरू असताना कौतुक करायचं नाही. परीक्षकांनी 'झालं' म्हटल्यावरच.

"हे उलटंच झालं," मी चौतीसला म्हणालो. "सात महिने तू मला बोलायला शिकवलंस, आता म्हणतोस गप्प बस."

"मनात म्हणा, सर. तो कपाळ वाचतो."

स्पर्धेच्या मैदानावर सुटाबुटातले परीक्षक, हातात पॅड, कानाला पेन्सिल. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. 31 वर्षं मुलांना मी असाच दिसलो असणार. माझ्या तळहाताला घाम आला, तो पट्ट्यातून टायगरला कळला, आणि आम्ही दोघांनी एकदमच जांभई दिली.

आमच्या आधी एक बॉर्डर कॉली होती. ती मालकिणीच्या पायाला शिवून ठेवल्यासारखी चालली. मग आम्ही. पट्ट्यासह चालणं बऱ्यापैकी झालं. पट्टा सोडून चालताना टायगर मागे रेंगाळला, एका वळणाला मी डावीकडे आणि तो चहाच्या टपरीकडे. परीक्षकांनी अंगावरून हात फिरवला, तेव्हा तो थरथरला, पण उभा राहिला. विमा एजंटाचे उपकार.

मग बोलावणं. मी त्याला बसवून रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि वळलो. तेवढ्यात रिंगणाबाहेर एका फुगेवाल्याने पिपाणी वाजवली. टायगरचे कान मागे गेले. त्याने फुग्यांच्या गुच्छाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भुवया सैल सोडल्या.

"टायगर, कम!"

तो आला. सरळ, धावत, फुग्यांच्या बाजूने, आणि माझ्यासमोर येऊन बसला, जरा तिरकाच. परीक्षकांनी अजून 'झालं' म्हटलेलं नव्हतं. पण माझ्या तोंडून काळी चारात निघून गेलं, "शाब्बास रे माझ्या राजा!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. परीक्षकांनी पेन्सिल टेकवली. अर्धा गुण, 'अवेळी कौतुक'. माझ्या सगळ्या खानदानात या कारणासाठी गुण गमावलेला मी पहिलाच.

शेवटच्या 'स्टे'मध्ये टायगर डुलकी लागण्याच्या बेतात होता. तासाभराने निकाल. एकूण 70. उत्तीर्ण! टायगरच्या गळ्यात हिरवी फीत आली. ती त्याने हुंगली आणि ती फडफडली, तरी तिला घाबरला नाही.

चौतीसच्या जीपमध्ये मी गुणपत्रिका उघडली. खिशातलं लाल पेन केव्हा हातात आलं ते कळलं नाही. साडेतेरा, अकरा, सोळा, साडेचौदा, साडेचौदा. वरून खाली बेरीज केली, साडेएकोणसत्तर. खालून वर केली. साडेएकोणसत्तर. परीक्षकांची बेरीज चुकली होती.

मागच्या सीटवर टायगर खिडकीतून मान बाहेर काढून, फीत वाऱ्यावर उडवत बसला होता. परीक्षकांचा तंबू अजून उभा होता.

"सर, बेरीज तपासताय?" चौतीसने किल्ली फिरवता फिरवता विचारलं.

मी काही बोललो नाही.

"लागली?"

मी पेनाला टोपण घातलं. "लागली."

"किती?"

"सत्तर."

चौतीसने गुणपत्रिकेकडे पाहिलं. त्याला पाच आकड्यांची बेरीज येते, हे मला पक्कं माहीत होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडी सुरू केली आणि म्हणाला, "शाब्बास, सर."

मी 'पण'ची वाट पाहत राहिलो. कोथरूड आलं, तरी तो आला नाही.